घरातल्या सैनिकाची आठवण जपताना: आधी नंबर, मग आवाज, शाल शेवटी

पुणेकराला लष्कर म्हणजे शेजार. खडकीत बॉम्बे सॅपर्स, खडकवासल्याला एनडीए, कॅम्पात दक्षिण कमांड, घोरपडीत नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक. तरीही घरातल्या फौजी माणसाबद्दल विचारलं की उत्तर येतं, "आजोबा मिल्ट्रीत होते, एकाहत्तरच्या लढाईला गेले होते." कुठली पलटण? पूर्वेला की पश्चिमेला? हुद्दा काय? इथे घर गप्प होतं. मग १६ डिसेंबरला सोसायटीत सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं, फ्लेक्सवर पलटणीचं नाव चुकतं, आणि ते आजोबांशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून सत्काराचा विचार शेवटी. त्याआधीची कामं क्रमाने केली तर दोन-तीन महिन्यांच्या रविवारांत सगळं नीट बसतं.

१. एक पान भरा

साधा फुलस्केप कागद घ्या आणि त्यावर एवढंच लिहा: आर्मी नंबर, लष्करी कागदांत लिहिलंय तसंच्या तसं नाव, शेवटचा हुद्दा, पलटण किंवा युनिट, ट्रेड (म्हणजे लष्करातलं काम), भरतीची आणि निवृत्तीची तारीख, भरतीच्या वेळचं गाव-तालुका-जिल्हा. बाकी काही नाही. माणूस हयात असेल तर नंबर त्यालाच विचारा. नातवंडांची नावं विसरलेले आजोबासुद्धा नंबर धडाधड सांगतात. हयात नसेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड ही चार ठिकाणं शोधा. पीपीओ बहुतेक घरांत बँकेच्या जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात सापडते.

हे कागद वाचताना नवखा माणूस ठरावीक ठिकाणी फसतो. १९६५ पूर्वीच्या कागदात ‘जमादार’ दिसलं तर दचकू नका. आज ज्याला नायब सुभेदार म्हणतात तो हा हुद्दा. आर्मर्डमध्ये, म्हणजे रणगाडा दलात, हवालदाराला दफादार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात. इंजिनिअर्समधला साधा शिपाई सॅपर, तोफखान्यातला गनर. इंग्रजी अमदानीतल्या कागदावर ‘३/५ मराठा’ असेल तर ती तारीख नव्हे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. ही पलटण १९२२ च्या फेररचनेआधी ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती आणि पुढे तीच पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. त्यामुळे पणजोबा ‘११०’ मध्ये, त्यांचा मुलगा ‘३/५’ मध्ये आणि पुतण्या ‘२ पॅरा’त अशा नोंदी एकाच घरात निघाल्या तर त्या एकाच पलटणीच्या असू शकतात.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ वेगळाच. पवारचं ‘पोवार’, घाटगेचं ‘घाडगे’, पुणे जिल्ह्याचं ‘पूना’, रायगडचं ‘कुलाबा’. तुम्हाला बरोबर वाटतं ते स्पेलिंग वापरून शोधू नका. भरती कारकुनाने जे लिहिलं, तेच लष्कराच्या दृष्टीने खरं. ते चुकीचं असलं तरी अर्जात तसंच लिहा आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव खाली स्वतंत्र ओळीत द्या.

२. रेकॉर्ड ऑफिसला पत्र

पान अर्धंच भरलं तर पत्र लिहायचं. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्या सेवेच्या नोंदी दिल्लीत एका जागी नसतात, त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीत, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्डचं अहिल्यानगरला, गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारी शाखा) सिकंदराबादला. हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला. नौदलातल्या खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात.

पत्र एका पानाचं असावं. वर नंबर-हुद्दा-नाव, खाली तुमचं नातं, मृत्यू झाला असल्यास दाखल्याची प्रत, नात्याचा पुरावा आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत. मागणी मोघम ठेवू नका. ‘आजोबांची सगळी माहिती द्यावी’ या पत्राला उत्तर येणं कठीण. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: सेवेचा तपशील, कोणकोणत्या युनिटमध्ये किती काळ होते आणि कोणती पदकं मंजूर झाली. तिसरा प्रश्न अवश्य विचारा. पदक मंजूर होऊन प्रत्यक्ष हातात न पडलेले निवृत्त लोक पुष्कळ आहेत.

जुनी सेवापत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. ‘कागद उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या पत्रात लाँग रोलमधली नोंद मागा. ती नाववार यादी कायम ठेवलेली असते. पुण्यात कुणाशी तरी समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. राज्याचा सैनिक कल्याण विभागही घोरपडीत युद्धस्मारकासमोरच आहे. अर्ज कसा लिहावा, कुठे पाठवावा हे तिथे कळतं. स्पीड पोस्टाची पावती पत्राच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.

३. आवाज

माणूस हयात असेल तर पत्राच्या उत्तराची वाट बघत बसू नका. कागद पुढच्या वर्षीही मिळतील.

आधी जागा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मुलाखत बिघडते ती पंख्याने, कुकरच्या शिट्टीने आणि खालच्या भाजीवाल्याने. सकाळी दहा-साडेदहाची वेळ धरा. स्वयंपाक उरकलेला असतो आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज मोकळा असतो. बेडरूम उत्तम, कारण गाद्या आणि कपडे घुमारा शोषून घेतात. हॉलमध्ये फरशीवरून आवाज घुमतो. पंखा बंद, फोन विमान मोडवर, घड्याळ टिकटिकत असेल तर दुसऱ्या खोलीत. फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, टेबलावर थेट न ठेवता दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावर बोट आपटलं तरी ढोल वाजतो. कॉलर-माइक असेल तर उत्तमच. ॲपमध्ये निवड असेल तर वॅव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी जागा लागते. आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. ही दोन मिनिटं वाचवली म्हणून अख्खी सकाळ वाया जाते.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे माणूस थकतो आणि ‘मग काय, आलो परत’ असं म्हणून तीन महिन्यांची मोहीम एका वाक्यात संपवतो. तोफखान्यातल्या माणसाला ऐकायला कमी येतं असं गृहीत धरा आणि चांगल्या कानाच्या बाजूला बसा.

सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि खोलीत कोण कोण आहे हे तुमच्या आवाजात बोलून घ्या. नंतर पहिला प्रश्न लढाईचा नको. "किती जण मारले?" हा प्रश्न तर कधीच नको, घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा. हाताला आठवतील अशा गोष्टींपासून सुरू करा:

"आजोबा, भरतीला गेलात तेव्हा छाती किती भरली होती? बरोबर गावातलं कोण होतं?"
"पहिल्या पगाराचं काय केलंत?"
"ट्रेनिंगमध्ये उस्ताद कोण? शिक्षा काय द्यायचे?"
"पिठ्ठूत काय काय असायचं? सगळ्यात जड काय?"
"लंगरात काय मिळायचं? भाकरीची आठवण कधी आली?"

पिठ्ठूतल्या, म्हणजे पाठीवरच्या पिशवीतल्या, वस्तू मोजता मोजता माणूस आपोआप त्या रस्त्यावर जातो आणि मग त्याला थांबवायचं नसतं. तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा, मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या दहा आकड्यांनंतर येते. तुम्ही घाईने पुढचा प्रश्न विचारलात तर ती गेली.

फौजी हिंदीतले शब्द मराठीत वळवू नका. ‘मोर्चा’, ‘हुकूम’, ‘सिविल’, ‘टोली’, ‘बडा खाना’ जसेच्या तसे राहू द्या. नंतर लिहून काढतानाही तसेच ठेवा, अर्थ शेजारी द्या.

तारखा चुकतील. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं, पूर्वेला १६ ला शरणागती झाली आणि पश्चिमेला १७ ला युद्धबंदी. कुणी म्हणालं, "आम्ही महिनाभर लढलो," तर मध्येच दुरुस्त करू नका. ते आधीच्या सीमेवरच्या चकमकी आणि नंतरची तैनाती धरून बोलत असतात, आणि त्यांच्या दृष्टीने तो महिनाच होता. तुम्ही तुमच्या वहीत मिनिटाचा आकडा लिहून शेजारी खूण करा, पडताळणी नंतर.

हात थरथरायला लागले, श्वास जोरात चालू झाला, त्याच प्रसंगाकडे ते पुन्हा पुन्हा येऊ लागले तर रेकॉर्डिंग बंद करा, चहा करा, विषय गावाकडे वळवा. त्या रात्री घरात कुणीतरी जवळ झोपा. झोप उडाली आणि ती आठवडाभर तशीच राहिली तर ईसीएचएसच्या डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. अर्धवट राहिलेली मुलाखत चालते.

आणि आजींची मुलाखत वेगळी घ्या, आजोबा खोलीत नसताना. मनीऑर्डर किती यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, तार आली की गल्लीत काय व्हायचं, रेडिओ कुणाकडे होता. युद्धाच्या काळातलं घर कसं चाललं हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मुलाखत झाल्यावर फाइलचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष-महिना-दिवस, मग नाव, मग बैठक क्रमांक. मूळ फाइल कापू-जोडू नका. तीन प्रती ठेवा: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी, एक क्लाउडवर. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो तर साधा पाठवला की हमखास दाबला जातो.

४. पत्रं आणि फोटो

जुनं पाकीट फेकू नका, पत्रापेक्षा कधीकधी पाकीट जास्त बोलतं. सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं, नंबर-हुद्दा-नाव-युनिट आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असतं (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). साधारणपणे ९९ म्हणजे पूर्वेकडचा भाग, ५६ म्हणजे पश्चिम आणि उत्तर. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. तिरप्या उजेडात शिक्क्याचा वेगळा फोटो काढा. अशी दहा पाकिटं तारखेने लावली की पलटण कधी हलली याचा अंदाज आपोआप समोर येतो.

स्कॅन करताना कागद ३०० डीपीआय, फोटो ६००, पासपोर्ट आकाराचे किंवा त्याहून लहान असतील तर १२००. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेलं गाव तिथेच असतं. मूळ स्कॅन टिफमध्ये, वाटायला जेपेग. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट येत नाही अशा जागी कागद सपाट ठेवून फोनने वरून फोटो काढा, फ्लॅश बंद करून.

काय करू नये याची यादी मोठी आहे, पण तीन गोष्टी सगळ्यात जास्त नासधूस करतात. लॅमिनेशन: डिस्चार्ज बुक लॅमिनेट केलं की ते परत कधीच सोडवता येत नाही. चिकटपट्टी: पाच-दहा वर्षांत पिवळी पडते आणि शाई ओढून घेते. आणि फ्रेममधल्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढणं: तसाच काचेसकट स्कॅन करा. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या हलक्या हाताने काढा. कागद आम्लविरहित पाकिटात, तसं मिळालं नाही तर निदान साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून सपाट डब्यात ठेवा. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आतून घामेजतं. कसर आणि बुरशी दोन्ही तिथेच लागतात. डबा मधल्या कप्प्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दसऱ्याच्या सुमाराला एकदा उघडून बघायचं.

फोटोतल्या माणसांची नावं आजच लिहा. मऊ पेन्सिलीने, फोटोच्या मागे, कडेला, दाब न देता. गुळगुळीत नव्या फोटोवर पेन्सिल उठत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ‘मागची रांग, डावीकडून तिसरे’ असं लिहा. ‘टोपीवाले काका’ असं लिहिलंत तर पुढच्या पिढीसमोर चाळीस टोपीवाले असतील.

५. पदकं

पदक हातात आलं की पॉलिश करायची खुमखुमी येते. करू नका. भारतीय पदकांच्या किनारीवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, आणि पितळ चकाकवायच्या पॉलिशने घासून घासून तेच आधी जातं. मऊ सुती फडक्याने धूळ पुसा, बस्स. मोबाइलचा टॉर्च किनारीवर अगदी आडवा धरा, पदक हळूहळू फिरवत फोटो काढत जा; डोळ्यांना न दिसणारी अक्षरं सावलीत उठून येतात.

पदक बघून आघाडी कळते. १९७१ साठी पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार वेगवेगळे, आणि व्यापक सेवेसाठी संग्राम मेडल. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक मिळालं, ते जवळपास प्रत्येक जुन्या पट्टीत दिसतं. त्याला शौर्यपदक समजून भाषणं करू नका. शौर्यपदक असेल तर त्याचं प्रशस्तिपत्र असतं, ते शोधा.

रिबन कुजली असेल तर नवी लावता येते. तिची रुंदी ३२ मिलिमीटर असते. कॅम्पात लष्करी साहित्याच्या दुकानांत विचारा, पण जुना तुकडा फेकू नका. पदकांचा क्रम बदलू नका: सर्वांत वरिष्ठ पदक छातीच्या मध्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. लोकरीच्या कापडात किंवा रबरबँड लावून ठेवलं तर धातू काळवंडतो. गणवेश असेल तर सावलीत वारा देऊन जुन्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि घडी दरवर्षी वेगळ्या जागी पाडा.

६. जे परत आले नाहीत

स्वातंत्र्यानंतर वीरमरण आलेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं आणि नाव त्याच्या संकेतस्थळावरही शोधता येतं. त्याआधीच्या दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) यादी बघावी. तिथे आडनाव टाकून शोधलं तर बहुधा काही निघत नाही, कारण पहिल्या महायुद्धातल्या आपल्या लोकांची नोंद नुसतं नाव, वडिलांचं नाव आणि गाव अशी असते. म्हणून रेजिमेंट आणि गाव घेऊन शोधा, गावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा.

या कमिशनचं एक ठिकाण पुण्यातच आहे. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मृत्यू पावलेल्या, इतरत्र दफन झालेल्या १,८०० हून अधिक सैनिकांचं स्मारकही तिथेच आहे. मूळ गावी गेलात तर चावडी, जुनी शाळा, वेस बघा. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धाला किती माणसं गेली आणि किती परत आली नाहीत एवढाच मजकूर असलेल्या संगमरवरी पाट्या महाराष्ट्रात अनेक गावांत आहेत. नावं नसतात, फक्त आकडे. पाटीवर चुना लागला असेल तर खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसून तिरप्या उन्हात फोटो घ्या.

७. आता सत्कार

दिवस निवडताना घरच्या माणसाचं युद्ध बघा. १६ डिसेंबर १९७१ साठी, २६ जुलै कारगिलसाठी, १४ जानेवारी हा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्याच तारखेला निवृत्त झाले. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, त्या दिवशी हारतुऱ्यांऐवजी ध्वजनिधीला पैसे दिलेले बरे. खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहेत. पहिलं मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी, दुसरं १९१७ पासून अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारं. तिथे जायचं तर आधी परवानगी आणि वेळ घ्या, दिवाळीच्या दिवशी पन्नास पोरं घेऊन धडकू नका.

फ्लेक्स छापण्याआधी मजकूर त्या माणसाला दाखवा. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून ‘निवृत्त कर्नल अमुक’ नव्हे, ‘कर्नल अमुक (निवृत्त)’. मानद कॅप्टन असतील तर ‘मानद’ गाळू नका. त्यांना ते मिरवायचं नसतं, पण ते गाळलेलं बरोबरच्या फौजींना लगेच खटकतं. राष्ट्रध्वज टेबलावर, फोटोवर किंवा शाल म्हणून अंगावर घालायचा नाही. ध्वजसंहितेत तो पांघरायची मुभा शासकीय आणि सैनिकी अंत्यविधीपुरतीच आहे. पदकं ज्याची त्याने डाव्या छातीवर लावायची. दिवंगत सैनिकाची पदकं वारसाने उजव्या बाजूला, तीही स्मारकावरच्या मानवंदनेसारख्या प्रसंगीच. नातवाला आजोबांचा गणवेश चढवून उभं करू नका.

कार्यक्रम पाऊण तासाचा ठेवा. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठताना आधार मिळतो. पायऱ्यांचं स्टेज टाळा. फटाके आणि ढोल-ताशा नको, निदान विचारल्याशिवाय तरी नको. भाषण एकच, आणि ते त्या पानावरून: नंबर, पलटण, कुठे होते, किती वर्षं. मग माइक त्यांच्या हातात द्या. ते "मी काय बोलणार" म्हणून माइक परत करतील तर आधी रेकॉर्ड केलेल्यातली दोन-तीन मिनिटं, त्यांना आधी ऐकवून आणि होकार घेऊन, लावा. आजही कामाच्या असू शकतील अशा जागा, तैनाती, उपकरणांचे तपशील त्यात आले असतील तर तेवढा भाग लोकांसमोर नको आणि इंटरनेटवर तर नकोच. शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा निवृत्त माणसालाही लागू असतो.

रेजिमेंटच्या संग्रहालयाला काही द्यायचं ठरलं तर आधी स्कॅन आणि मुलाखतीची प्रत द्या. मूळ वस्तू देणार असाल तर वस्तूवार यादी करून पोच घ्या, आणि देण्याआधी घरातल्या सगळ्या भावंडांची सही त्या यादीखाली असू द्या.